भीमराजभाऊंचा न तपासलेला माल

काळेवाडीत भीमराजभाऊ ओव्हाळांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि ज्याच्यावर त्यांनी संशय घेतला नाही असाही नाही. गॅसचा सिलिंडर सीलबंद आला तरी ते तो काट्यावर चढवतात. दूधवाल्याच्या तोंडासमोर दूध हुंगतात. एकदा बँकेतून खरोखरच फोन आला, तर यांनी त्या बाईला फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या शाखेत जाऊन ती खरंच तिथे बसते का ते पाहून आले. ती बसत होती. "मंग ठीक हाय," एवढं म्हणून परत आले. माफीबिफी काही नाही.

मी इथल्याच शाळेत शिकवते, आणि रविवारी आमच्या विहारातल्या वधू-वर परिचय केंद्रात मदत करते. त्यामुळे हा माणूस मला जवळून पाहायला मिळाला. पाहायला म्हणजे खरं तर सोसायलाच.

चाकणच्या एका कंपनीत त्यांची सगळी नोकरी बाहेरून येणारा माल तपासण्यात गेली. ट्रक उतरला की भाऊ मापाचं गेज घेऊन हजर. त्यांनी लावलेली रिजेक्टची लाल चिठ्ठी सप्लायर लोकांच्या स्वप्नात यायची, असं ते अजून अभिमानाने सांगतात. काही जुन्या, भरवशाच्या सप्लायरांचा माल मात्र न तपासताच थेट लाइनवर जायचा. त्याला कंपनीत 'डायरेक्ट' म्हणायचे. भाऊंना या डायरेक्टची भारी चीड. "वळखीचा म्हून काय त्याचा बोल्ट वाकडा निघत न्हाई?" असं ते साहेबांनाही सुनवायचे.

असा माणूस निवृत्त होऊन मोकळा झाला आणि नेमकी त्याच सुमारास केंद्राची वेबसाइट झाली. ती केली दीक्षाने. दीक्षा आमच्या विहारातलीच मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कोणालाही फुकट वापरता येणारी एक प्रणाली असते, तिच्यावर तिने आपल्या सुट्टीच्या दिवसांत ही साइट उभी केली. मुलामुलींचे फोटो, शिक्षण, नोकरी सगळ्यांना दिसायचं. फोन नंबर मात्र कुणालाच दिसायचा नाही. दोन्ही घरांचा होकार आला की केंद्र चालवणाऱ्या जाईबाई स्वतः नंबर देणार, हा आमचा नियम. मुलींच्या आया केवळ या एका गोष्टीवर आमच्याकडे यायच्या. मग साइट सांभाळायला कोण, तर जाईबाई म्हणाल्या, "भीमराजशिवाय दुसरं कोण? तो स्वतःच्या सावलीला पण ओळखपत्र मागतो."

दीक्षाने त्यांना शिकवायला घेतलं. मूळ साइट म्हणजे रिकामी खोली. नोंदणीचा फॉर्म हवा तर एक एक्स्टेन्शन, म्हणजे तयार जोड, बसवायचं, फोटोंसाठी दुसरं, मेल जाण्यासाठी तिसरं. ती प्रणालीच्या अधिकृत यादीतूनच घ्यायची, इन्स्टॉल करायची, आणि बनवणाऱ्यांनी दुरुस्ती काढली की अपडेट करायची.

"फुकट कोण कुनाला देतं व्हय?" भाऊंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"काका, ह्याचा कोड उघडा असतो. कितीतरी लोक तो वाचतात, चुका शोधतात."

"मंग चोरबी वाचत आसंल की."

दीक्षा हसली, आणि मलाही ते काही अगदीच मूर्खासारखं वाटलं नाही. पण भाऊंचा संशय तिथे थांबतो कुठला! अपडेट आली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कंपनीत नीट चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगला कुणी हात लावत नसे, मग इथे चालू साइटला सारखी दुरुस्ती कशाला? ते स्वतः अपडेटला बोट लावायचे नाहीत. दीक्षा रविवारी येऊन लावायची, आणि भाऊ तिच्या खुर्चीमागे उभे राहून तिची बोटं बघायचे. मला तर तिच्या जागी घामच फुटला असता.

पुढे फॉर्मची अडचण आली. फुकटच्या एक्स्टेन्शनमध्ये फोटो आणि बायोडेटा एकदम चढत नव्हता. विकतच्यात चढायचा. भाऊंनी हे रडगाणं जयसिंगपुढे गायलं. जयसिंग म्हणजे कंपनीतला त्यांचा शेजारच्या टेबलावरचा जोडीदार, आता रहाटणीत राहतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने ते विकतचं एक्स्टेन्शन पेनड्राइव्हवर घालून हातात दिलं. आणि ज्या माणसाने जन्मभर डायरेक्ट मालाच्या नावाने बोटं मोडली, त्याने तो पेनड्राइव्ह घरी आणला आणि तसाच साइटवर चढवला. का, तर एका डब्यात जेवलेला माणूस! मग जुनी सगळी स्थळंही, दीक्षाचंसुद्धा, त्यांनी फोटो-बायोडेटासकट त्या नव्या फॉर्ममधून पुन्हा भरली.

दीक्षाच्या ते पुढच्या रविवारीच लक्षात आलं. "काका, हे कुठून आणलंत? हे यादीतलं नाही. काढून टाका."

"आपल्या मानसाकडनं आनलंय. आन बघ, ह्याला अपडेट म्हून लागत न्हाई. माल असावा तर असा."

"अपडेट येत नाही, कारण ते बनवणाऱ्याकडून आलेलंच नाही. काका, प्लीज काढा."

भाऊंनी ते काढलं नाही. आणि थोड्याच दिवसांत मुलींना फोन येऊ लागले.

पहिल्यांदा यशोदाबाई आल्या. त्यांची करिष्मा भोसरीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. कोणीतरी पुरुष तिला नाव घेऊन विचारत होता, तुझी ड्यूटी कधी सुटते. मग आणखी एका मुलीला फोन आला, मग दीक्षालाही, कारण तिचंही स्थळ आमच्याच साइटवर होतं. करिष्माने सिमकार्ड बदललं, कामावर भावासोबत जाऊ लागली. यशोदाबाई विहाराच्या पायरीवर बसून रडल्या. "तुमच्या भरवशावर नंबर दिला होता," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. जाईबाईंनी सांगून टाकलं, हे थांबलं नाही तर मी केंद्राला कुलूप लावीन.

भाऊंचा संशय कुणावर गेला हे सांगायला नको. साइटची किल्ली, म्हणजे आतला पासवर्ड, दोघांकडेच, त्यांच्याकडे आणि दीक्षाकडे. स्वतःवर तर ते संशय घेणार नाहीत.

"आन ती फॉर्म काढाय का सांगत हुती? तिच्या आड येत आसंल," ते मला म्हणाले.

"अहो भाऊ, तिला स्वतःलाच फोन आलेत!"

"मुद्दाम. संशय येऊ नये म्हून."

चांगुलपणाही ज्याला पुरावा वाटतो, त्याच्याशी वाद घालता येत नाही. तरी मी घातला. उपयोग झाला नाही.

रविवारी बुद्धवंदना झाली, माणसं अजून हॉलमध्येच होती. भाऊ उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांनी दीक्षाकडे किल्ली मागितली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण म्हणाले, "आन मोबाइलबी दाव. कुनाकुनाशी बोलतीस ते बघू."

दीक्षाची आई शेजारीच बसलेली. दीक्षाने मोबाइल उघडून त्यांच्या हातात दिला. भाऊ उभ्या उभ्या बोटाने वर-खाली करत राहिले. काहीच सापडेना, तरी परत देईनात. शेवटी जाईबाईंनी तो ओढून घेतला आणि तिला दिला. दीक्षा आईचा हात धरून निघून गेली, ती परत यायची बंद झाली. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी मी भाऊंच्या जयभीमला जयभीम केला नाही.

भाऊंनी पासवर्ड बदलला. त्यानंतर एका नव्या मुलीची नोंदणी झाली, आणि तिलाही फोन आला. तिचा नंबर दीक्षाने पाहिलेलाच नव्हता.

भाऊ दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग मला बोलावून घेतलं. त्यांनी दोन नवी सिमकार्डं आणली होती. एका नंबरची खोटी मुलगी त्यांनी जयसिंगच्या फॉर्ममधून भरली. दुसऱ्या नंबरची मुलगी फॉर्म न वापरता थेट आतून नोंदवली. कंपनीत खराब लॉट असाच वेगळा काढायचे म्हणे. दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर ठेवले. आठवडाही गेला नसेल, फॉर्मवाला फोन वाजला. भाऊंनी स्पीकर लावला.

"हॅलो, ब्यूटिफुल," पलीकडून लाडात आवाज आला.

एरवी मी हसून लोळले असते. भाऊंचा चेहरा पाहून हसू आलं नाही. दुसरा फोन तसाच गप्प पडून होता, आणि पुढेही गप्पच राहिला. म्हणजे भरलेल्या प्रत्येक फॉर्मची एक प्रत ते एक्स्टेन्शन बाहेर कुठेतरी पाठवत होतं.

आम्ही रहाटणीला गेलो. जयसिंगला खरंच काही माहीत नव्हतं. "भावा, ते क्रॅक केलेलं, म्हणजे कुलूप फोडून फुकट केलेलं असतं. मलाबी असंच कुणीतरी दिलेलं," तो म्हणाला. मग भाऊंकडे नवलाने बघत राहिला. "पण तू तपासलं नाहीस? तू? मी म्हटलं, भीमराजच्या हातात देतोय, वाईट असलं तर तो रिजेक्ट करीलच."

रिक्षातून उतरल्यावर भाऊ थेट जाईबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं.

जाईबाई दीक्षाच्या घरी जाऊन आल्या. पुढच्या रविवारी दीक्षा आली. भाऊंनी वंदनेनंतर सगळ्यांदेखत तिची आणि तिच्या आईची माफी मागितली, हात जोडून, आवाज न चोरता. हे मी त्यांच्या बाजूने सांगते, कारण खरं आहे. दीक्षाने मान डोलावली आणि कामाला बसली. ते एक्स्टेन्शन मुळासकट काढलं, सगळे पासवर्ड बदलले, अधिकृत यादीतून नवं फॉर्मचं एक्स्टेन्शन घेतलं, राहिलेल्या सगळ्या अपडेट लावल्या. ज्यांचे नंबर बाहेर गेले त्या सगळ्या घरी जाईबाई आणि मी जाणार असं ठरलं. या वेळी भाऊ तिच्या खुर्चीमागे उभे राहिले नाहीत. समोर बसून विचारून विचारून शिकले. शेवटची अपडेट त्यांनी स्वतःच्या बोटाने लावली.

मग दीक्षाने स्वतःचं स्थळ उघडलं आणि काढून टाकायचं बटण दाबलं.

भाऊ गडबडले. "आगं, का काढतीस? आता साइट सुरक्षित हाय न्हवं?"

"साइट आहे, काका," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. "पण ती सांभाळणारे तुम्ही आहात."

दीक्षाने सगळ्यांना जयभीम केला आणि ती चपला घालून निघून गेली.