दलिचंद शेठचं नाक आणि लखनची गाडी

धुळ्याच्या आग्रा रोडवर दलिचंद शेठचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानाला पाटी आहे, पण लग्नाची भांडी घ्यायला खेड्यावरून येणारी माणसं पाटी वाचत बसत नाहीत. नाकवाल्या शेठकडे चल, एवढं रिक्षावाल्याला सांगितलं की पुरतं. गल्ल्याच्या वर पणजोबा, आजोबा आणि वडील अशा तिघांच्या तसबिरी आहेत. फोटो समोरून काढलेत, पण तिघांचीही नाकं बाजूनं काढल्यासारखी दिसतात.

शेठचं नाक त्याच घाटाचं, फक्त डावीकडे कललेलं. ऐन तारुण्यात माळ्यावरून तांब्याचा हंडा उतरवताना तो हातातून सुटला आणि थेट नाकावर आला. हंड्याला पोचा पडला म्हणून वडील बराच वेळ हळहळत होते. नाकाकडे कोणी फारसं पाहिलं नाही. पुढे शेठनी त्याच नाकात तपकीर ओढत संसार केला, दुकान वाढवलं, मुलाचं, म्हणजे अमनचं लग्न केलं, आणि अमनला मुलगी झाली तेव्हा पाळण्यात वाकून आधी तिचं नाक पाहिलं. नाक घराण्याचंच होतं. शेठनी त्या दिवशी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

ती मुलगी म्हणजे प्रियल. आता जळगावच्या एका कॉलेजात शिकवते आणि तिथंच राहते. दिवाळीला घरी आली आणि जेवताना, मीठ वाढा म्हणावं तितक्या सहज म्हणाली, की मला नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचंय. अमनला ठसका लागला. आजीनं, भंवरीबाईनं, काळजीनं विचारलं, की बाई, दुखतं का फार?

"दुखत नाही दादी," प्रियल म्हणाली. "दिसतं."

शेठनी दुसरी पोळी घेतली नाही. घरच्यांना तेवढं पुरे होतं. रात्री उशिरापर्यंत कोणी टीव्ही लावला नाही. सकाळी शेठनी विषय काढला, तोही तसबिरींकडे बघत. या नाकानं आपलं काय वाईट केलं, एवढाच त्यांचा सवाल होता. प्रियलनं त्यांचा हात धरला.

"दादाजी, तुमच्या चेहऱ्यावर ते शोभतं. माझ्या चेहऱ्यावर ते भाड्यानं राहायला आल्यासारखं वाटतं."

शेठनी ठरवलं की आपण स्वतः जळगावला जायचं आणि त्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरला दोन शब्द सुनवायचे. लखननं गाडी काढली, प्रियलही सोबत निघाली. लखन शिरपूरकडचा, शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हा त्याला मिसरूडही नव्हतं. गाडी शेठच्या नावावर होती खरी, पण तिच्यावर बोट उमटलं तर राग लखनला यायचा.

डॉक्टर निघाल्या बाई, शीतल नावाच्या. शेठना वाटलं होतं की बाई लगेच सुरी परजतील. त्यांनी उलट प्रियललाच फैलावर घेतलं. कोणी पाठवलं? बघायला आलेल्या मुलानं नाव ठेवलं का? कोणा नटीचा फोटो आणलाय का? दुसऱ्याच्या हौसेखातर मी हात लावत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेठ जे बोलायला आले होते ते सगळं बाईच बोलून गेल्या, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

मग बाईंनी प्रियलचे समोरून, बाजूनं, खालून असे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर नाकाचा उंचवटा जरा कमी करून दाखवला. हा अंदाज आहे, वचन नाही, असंही बजावलं. पडद्यावर प्रियलच होती, पण जरा निवांत झाल्यासारखी. शेठनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेवढ्यात बाई त्यांच्याकडे वळल्या.

"काका, तुम्ही मघापासून तोंडानं श्वास का घेताय?"

शेठ म्हणाले, सवय आहे. बाईंनी त्यांची उजवी नाकपुडी बोटानं बंद केली आणि श्वास घ्यायला सांगितलं. शेठचे डोळे मोठे झाले, पण हवा काही आत गेली नाही. तपासल्यावर कळलं की हंड्यानं आतला पडदा आणि वरचं हाड दोन्ही वाकवून ठेवली होती. शेठना इतकी वर्षं वाटत होतं की माणसाला एक नाकपुडी चालू असते आणि दुसरी गरजेला ठेवलेली असते.

बाईंनी त्यांचंही नाक पडद्यावर सरळ करून दाखवलं. जाता जाता जरा लहान करून दाखवलं, तर शेठ हुबेहूब आपल्या मेहुण्यासारखे दिसायला लागले. त्यांनी ते ताबडतोब बंद करायला लावलं.

"सरळ करा," ते म्हणाले. "लहान नका करू."

अशा रीतीनं डॉक्टरला सुनवायला गेलेले शेठ स्वतःच ऑपरेशन ठरवून आले. बाईंनी तपकीर बंद केली, कारण तंबाखूनं जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी होती, तीही शेठच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवली. गोळी सोडणं सोपं गेलं. तपकिरीची डबी मात्र शेठ रोज उघडायचे, आत बघायचे आणि पुन्हा बंद करायचे.

आजोबा आणि नात यांची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. शुद्धीवर आले तेव्हा दोघांच्या नाकांवर सारखी प्लास्टरं होती आणि डोळ्यांखाली जांभळं व्हायला सुरुवात झाली होती. घरी आल्यावर तर विचारू नका. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं, खाली वाकायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं. दोघंही उशांना टेकून असे झोपायचे, की जणू रातराणी बसनं कुठेतरी निघालेत. शेठच्या चष्म्याचं वजन नाकावर पडू नये म्हणून प्रियलनं तो चिकटपट्टीनं कपाळाला टांगला. भंवरीबाई दोघांना मऊ खिचडी भरवायच्या आणि हसू आलं की पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायच्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुनंदाबाई डोकावल्या. दोघांकडे बघून त्या दारातच थबकल्या. या वयात नवऱ्यानं नाकाचं ऑपरेशन केलं हे कोणत्या तोंडानं सांगायचं, असं भंवरीबाईंना झालं. त्या सांगून बसल्या, की पारोळ्याजवळ गाडीला रानडुक्कर आडवं आलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत एकाची तीन डुकरं झाली. लोक नारळपाणी घेऊन भेटायला येऊ लागले. एकानं पोलिसांत कळवलं का विचारलं, एकानं डुकराचं पुढं काय झालं ते विचारलं. गाडी बघायला येणारेही निघाले. गाडीवर तर साधा ओरखडा नव्हता, म्हणून भंवरीबाईंनी तिच्यावर ताडपत्री टाकायला लावली. लखनला सांगितलं, की काही दिवस पुसायची नाही. लखननं मान हलवली, पण त्याचा चेहरा पडला.

आठवड्यानं प्लास्टर निघालं. प्रियलनं आरशात पाहिलं आणि तिला रडू आलं, नाक बटाट्यासारखं सुजलेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, की मोठी सूज काही आठवड्यांत उतरेल, शेंड्याची पुरती जायला वर्ष लागेल, तोवर रोज मोजत बसू नका. प्रियल रोज मोजत बसली. मग कॉलेज सुरू झालं. तिथं कोणी विचारलं, केस कापलेस का, कोणी विचारलं, झोप चांगली होते वाटतं. नाकाबद्दल कोणीच बोललं नाही. तिनं फोनवर आजीला हे सांगितलं तेव्हा ती फार खुशीत होती.

इकडे शेठ दुकानात बसायला लागले. नाकाला पट्टी होती, पण दोन्ही नाकपुड्यांनी हवा येत होती. समोरच्या भज्यांच्या हातगाडीवरची मिरची तळली की आधी त्यांना कळायचं. असेच ते एका दुपारी मजेत बसले असताना लखन आला आणि त्यानं गल्ल्यावर गाडीची चावी ठेवली.

"शेठ, चावी आठे ठेवस. मनी गाडीखाले आजलोंग कुत्रंबी उनं नही. आते बठ्ठा गाव म्हनस, लखननी डुकराले वाचाडं आनि शेठनं नाक फोडं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डुकराची बातमी शिरपूरकडे त्याच्या गावापर्यंत पोहोचली होती आणि सगळे म्हणत होते, की लखननं डुकराला वाचवलं आणि शेठचं नाक फोडलं. त्याच्या गावात नवरदेवाची गाडी चालवायचा मान नेहमी लखनचा. माघात त्याच्या चुलतभावाच्या मुलाचं, बादलचं लग्न होतं आणि घरच्यांनी या वेळी दुसऱ्याला सांगितलं होतं. एवढं बोलून लखन दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, गिऱ्हाइकांकडे पाठ करून.

शेठना त्या रात्री जेवण गेलं नाही. खोटं भंवरीबाई बोलल्या होत्या, पण हुं हुं करत नारळपाणी आपणच प्यालो, हे त्यांना डाचत होतं. लग्नाच्या दिवशी त्यांनी चावी लखनच्या हातात दिली, मागं बसले आणि लखनच्या गावाला गेले. मांडवात माणसं जमली होती. भांडी विकून विकून शेठची अहिराणी गाववाल्यांपेक्षा काही कमी नव्हती. ते खुर्चीवर बसले नाहीत, मधोमध उभे राहिले आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

"हाई नाक लखननी नही फोडं. जळगावना डॉक्टरीनबाईनी फोडं. मीच सांगेल व्हतं."

डुकराचं काय, असं मागून कोणीतरी विचारलं. डुक्कर नव्हतंच, असं शेठनी सांगितल्यावर बऱ्याच जणांचा हिरमोड झाला. मग माणसं जवळ येऊन नाक बघायला लागली. नवरदेवाची आजी धुरपदाबाई काठी टेकत आली. तिनं हात लावायला बोट पुढं केलं, शेठ चटकन मागं सरले. तिनं मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून नीट पाहून घेतलं.

"कापीसनबी इतलं मोठंच शे का?" ती म्हणाली.

कापूनही नाक मोठंच राहिलं, हे शेठना इतकं आवडलं, की त्यांनी तिला वाकून नमस्कार केला, डॉक्टरबाईंनी वाकू नका म्हटलेलं विसरून.

नवरदेवासाठी आणलेली गाडी परत गेली आणि शेठच्या गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. लखननं आधी बाह्यांनी काच पुसली, मग बादलला मागं बसवलं. करवल्या शिरल्यावर शेठना जागाच उरली नाही. ते वाजंत्रीवाल्यांच्या पिकअपमध्ये ताशाला टेकून बसले, आणि खड्डा आला की दोन्ही हात नाकावर धरत राहिले. लखननं त्या दिवशी गाडी अशी जपून चालवली, की वाटेत दोन बैलगाड्या पुढं निघून गेल्या. वरात पोहोचली तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि भटजी पंचांग चाळत दुसरा शोधत होते.