बॉनेटखाली बोंबील: मोठ्या इलेक्ट्रिक गाडीतून उत्तन ते जव्हार

माझा नवरा विल्सन जहाजावर इंजिनिअर आहे. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर असतो आणि उरलेले आमच्यासोबत उत्तनला. गेले वर्षभर जहाजावर मोकळा वेळ मिळाला की तो मोबाईलवर एकच गोष्ट बघत होता: डोंगरात, नदीत, वाळूत चालणाऱ्या भल्यामोठ्या इलेक्ट्रिक गाड्या. टपावर तंबू, मागे स्टोव्ह, पुढे सूर्यास्त. व्हिडिओ कॉल लागला की तेच.

"सेलिन, या वेळी आलो की घ्यायचीच."

"अरे, तू ती तीन महिने चालवणार. उरलेले नऊ महिने मी. मला भाईंदरला कामावर जायचंय, आईंना फिजिओला न्यायचंय, मासळी आणायचीय. त्यात नदी कुठे येते?"

मी भाईंदर पश्चिमेला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. नऊ वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी चालवते आणि ती कुठेही घुसते. पण विल्सन हिरमुसला, म्हणून मीच तोडगा काढला. तशीच एक गाडी मिरा रोडहून सहा दिवस भाड्याने घ्यायची. आधी प्रवास, मग रोजचं आयुष्य. आणि अट एकच: प्रवासभर गाडी मी चालवणार. पुढे ती माझ्याच गळ्यात पडणार होती ना!

विल्सन हसून "चालेल" म्हणाला. मी नाक्यावरच्या पहिल्या वळणाला चावी परत देईन, अशी त्याची खात्री असावी.

तुम्हीही अशी गाडी घ्यायच्या विचारात असाल, तर आमच्यासारखी आधी भाड्याने घ्या. शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये जे कळत नाही ते आम्हाला बुधवारी संध्याकाळी पहिल्या दहा मिनिटांत कळलं. आमच्या गल्लीत दोन्ही आरसे मिटल्याशिवाय ती आत येईना. अंगणात लावली तर मागचा तीन फूट भाग रस्त्यावर, नेमका शेजारच्या रोझी मावशी जवळा सुकवतात तिथे.

"गाडी लय चांगली हाय गो," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पण माझा जवळा काय तुझ्या टपावर सुकवू?"

शेवटी विल्सनच्या चुलतभावाच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावली. तिथे प्लग नव्हता, त्यामुळे रात्रभर चार्जिंगही नाही. ही पहिली धोक्याची घंटा होती, पण सुट्टीच्या मूडमध्ये कोण ऐकतंय!

पहिला दिवस

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. आईंचं वय एकाहत्तर. तरुणपणी त्यांनी डोक्यावर पाटी घेऊन सुकी मासळी विकली, आता गुडघ्यांनी असहकार पुकारलाय. गाडी बघून त्या दारातच थांबल्या.

"ही गाडी हाय का होडी? मी न्हाय चढायची."

मग प्लॅस्टिकचं स्टूल आलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने विल्सन. आई वर बसल्या, खाली बघितलं आणि एकदम खूश झाल्या. एवढ्या उंचीवरून अख्ख्या वाडीच्या अंगणांत कोणी काय वाळत घातलंय ते दिसत होतं. त्यांच्यासोबत एक मोठी पिशवी होती: सुके बोंबील, जवळा, मांदेली. "कुणाला द्यायला झाली," म्हणे. भाड्याच्या कागदावर 'गाडीत वास येता कामा नये' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. मी घाबरले. विल्सनने शांतपणे बॉनेट उघडलं. इलेक्ट्रिक गाडी असल्याने तिथे इंजिन नव्हतं, एक छान खोल डिकी होती. पिशवी त्यात गेली. प्रवाशांनो, मासळीवाल्या घरासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. आत वासाचा मागमूस नाही.

मी बटण दाबलं. दोन मिनिटांनी आईंनी विचारलं, "ही चालू झाली का न्हाय?" तेव्हा आम्ही चौकापर्यंत पोचलो होतो.

भाईंदर, काशिमिरा, वरसावे. सकाळी सातच्या आत वरसावेचा पूल ओलांडा, हे मी दहा वेळा सांगेन. आम्हाला रस्ता मोकळा मिळाला. हायवेवर माझे हात घामाने ओले झाले होते, पण विरार फाटा येईपर्यंत खांदे सैल पडले. गाडी पाय टेकवला की अलगद पुढे सरकते, पाय उचलला की स्वतःच हळू होते. विल्सन मात्र शेजारी बसून दर दोन मिनिटांनी पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता.

"तू इंजिन रूममध्ये असाच असतोस?" मी विचारलं.

"तिथे समोरून ट्रक येत नाहीत."

मनोरला हायवेवरच्या हॉटेलात नाश्ता आणि चार्जिंग. मिसळ ठीक, चहा उत्तम. चार्जरजवळ एक ट्रकवाले काका येऊन उभे राहिले.

"एव्हरेज क्या देती है?"

विल्सनने उत्साहाने युनिट, किलोमीटर, मोड सगळं समजावलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो ठीक है. लेकिन डिझेल कहाँ डालते हैं?"

अडुसष्ट टक्क्यांवर विल्सनने प्लग काढला. "पुरे. जव्हारला करू." ही दुसरी घंटा.

विक्रमगडपासून पुढे रस्ता सुंदर आहे. भातकापणी चालू होती, शेतांत पिवळा रंग, बांधावर सागाची मोठी पानं. घाटात एवढी मोठी गाडी न कुरकुरता चढली. दुपारी जव्हारजवळच्या होमस्टेवर पोचलो. जेवणासकट माणशी बाराशे. नागलीची भाकरी, उडदाचं घुटं, ठेचा. आईंनी बॉनेटमधून चार बोंबील काढून चुलीवर भाजायला दिले आणि त्या घराशी त्यांची कायमची मैत्री झाली.

चार्जिंगसाठी प्लग लावला तर लाल दिवा. होमस्टेच्या मालकांनी दुसरा प्लग दाखवला, तिथेही लाल. घराला अर्थिंग नीट नव्हतं. अर्थिंग नसेल तर ही गाडी वीज घेतच नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हे आधी फोनवर विचारायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुम्हाला सांगतेय.

दुसरा दिवस

शुक्रवारी दाभोसा धबधबा, मग खोडाळ्याच्या बाजूने सूर्यमाळ. एका ठिकाणी रस्ता संपून नुसता दगडगोट्यांचा ओढा होता. पाणी घोट्याएवढं असेल. मी थांबले.

"मी घेऊ?" विल्सनने हळूच विचारलं.

"बस खाली."

गाडी डुलत, दगडांवरून पावलं टाकावीत तशी पलीकडे गेली. मी चक्क ओरडले. आई मागून म्हणाल्या, "अजून एकदा जा!" मी खरंच गेले, परत आले आणि पुन्हा गेले. आयुष्यात कधी कुणी मला ओढ्यात गाडी घालायला दिली नव्हती, आणि मीही कधी मागितली नव्हती.

सूर्यमाळला विल्सनने त्याचं स्वप्न मांडलं. गाडीच्या विजेवर इंडक्शन शेगडी, त्यावर चहा, अंडी, पुलाव. सोबत दिवे, पंखा, स्पीकर. आईंनी खुर्चीवर बसून दोनदा चहा घेतला. सगळं व्हिडिओतल्यासारखं होतं. फक्त विल्सन दुपारपासून गप्प होता. विचारलं तर म्हणाला, "थकलोय."

तिसरा दिवस

शनिवारी होमस्टेवरून परत निघालो तेव्हा बॅटरी अकरा टक्के. एवढ्या चार्जवर अडतीस किलोमीटर जाईल, असं स्क्रीन सांगत होती. मनोर त्याहून लांब. एसी बंद, खिडक्या उघड्या, घाट उतरताना गाडी स्वतःच थोडी वीज परत मिळवत होती. एक टक्का वाढला तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. वाटेत एका गावात हॉटेलबाहेर चार्जर दिसला. मी गाडी वळवली.

"लाईट नाही," हॉटेलच्या मालकीणबाई दारातून म्हणाल्या. "दुरुस्ती चाललीय. दुपारी येईल."

"दुपारी म्हणजे?"

"जेवल्यावर."

साडेदहा वाजले होते. समोर आठवडी बाजार भरत होता. वांगी, मिरच्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, कोंबड्या. आम्ही हॉटेलात बसलो आणि आई गुडघा दुखतो म्हणून गाडीजवळ खुर्ची टाकून बसल्या. अर्ध्या तासाने बाहेर पाहिलं तर गाडीभोवती बायकांचा घोळका. मला वाटलं आईंना चक्कर आली. धावत गेले.

बॉनेट उघडं होतं. आईंनी वर्तमानपत्र पसरून बोंबलांचे वाटे लावले होते.

"चाळीसला एक. न्हाय, कमी न्हाय. उत्तनचा माल हाय, वास घेऊन बघ!"

एक बाई वास घेत होती. दुसरी म्हणाली, "आजी, जवळा पन द्या." मी आईंना खुणावलं, त्यांनी मला पिशव्या धरायला लावलं. पाऊण तासात बॉनेट रिकामं. आईंचा चेहरा मी लग्नानंतर इतका उजळलेला पाहिला नव्हता. शेवटचा वाटा त्यांनी मालकीणबाईंना तसाच दिला आणि त्यांच्याशी गप्पा मारत आत जाऊन बसल्या.

मी आणि विल्सन गाडीच्या पायरीवर बसलो. लाईट यायला वेळ होता.

"मजा आली ना?" मी म्हटलं.

तो जमिनीकडे बघत होता. "तुला आली. आईलाही आली. सेलिन, मला वाटलं होतं तू घाबरशील. मग मी चालवेन, तुम्ही दोघी मागे बसाल. तू तर ओढ्यातून तीनदा गेलीस."

"मग वाईट वाटलं?"

"तसं नाही." त्याने पायाने एक खडा बाजूला सारला. मग म्हणाला, "मी घरी येतो ना, तेव्हा तुमचं सगळं चाललेलंच असतं. कोणत्या दिवशी फिजिओ, कोणता गॅसवाला, कोणाला किती दूध. मी मध्ये आलो की तुम्ही दोघी माझ्याभोवतून वाट काढता. पाहुण्यासारखं. म्हणून वाटायचं, एक मोठी गाडी घ्यावी, तुम्हाला लांब न्यावं. तिथे तरी मी कुणीतरी असेन."

नऊ वर्षं मी तो आला की त्याला आराम मिळावा म्हणून सगळं स्वतः उरकत होते. बिचारा दमून आलाय, झोपू दे. तो झोपत नव्हता, वाट बघत होता, हे मला त्या बाजारात कळलं.

"सोमवारपासून तू चालव," मी म्हटलं. "माझा अख्खा दिवस तू कर. याच गाडीने."

"पक्कं?"

"तुला आवडेल याची गॅरंटी नाही."

जेवल्यावर लाईट आली, अगदी मालकीणबाईंच्या शब्दाप्रमाणे. तासाभरात पुरेशी चार्ज झाली. रविवारी चर्चमधल्या मिसाला आम्ही घरी होतो.

घरचे दोन दिवस

सोमवारी विल्सनने आधी मला शाळेत सोडलं, मग आईंना फिजिओकडे नेलं. तिथल्या बेसमेंटच्या तोंडावर उंचीची पट्टी आहे, गाडी आत जाईना. वॉचमन म्हणाला, "साहेब, ये ट्रक बाहर लगाओ." आईंना स्टुलावरून उतरवून, हाताला धरून आत पोचवेपर्यंत मागे हॉर्नचा कल्लोळ. परत येऊन बघतो तर मागे दोन रिक्षा लागलेल्या. मंगळवारी भाईंदर स्टेशनच्या बाजूला गटारासाठी रस्ता खोदलेला, तिथे जागा शोधण्यात त्याची चाळीस मिनिटं गेली. मला घ्यायला आला तेव्हा शर्ट घामाने चिकटलेला.

"तू हे रोज करतेस?"

"छोट्या गाडीने."

"छोट्या गाडीने का असेना." तो स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागला, मग मीही.

संध्याकाळी गाडी परत दिली. आता निकाल, कारण त्यासाठीच तुम्ही इथवर वाचलंत. ज्यांच्याकडे रुंद गेट, स्वतःचा प्लग आणि महिन्यातून दोनदा डोंगरात जायची सवड आहे, त्यांनी जरूर घ्यावी. चालवायला ती लोण्यासारखी आहे. आमच्या गल्लीला, आईंच्या गुडघ्यांना आणि रोझी मावशींच्या जवळ्याला ती झेपत नाही. इलेक्ट्रिक मात्र आम्हाला पटलं. अंगणात अर्थिंगसकट प्लग बसवून घेतलाय आणि एक लहान इलेक्ट्रिक गाडी बुक केलीय. ओढ्यात घालायची हौस आली की मोठी भाड्याने आणू. चालवणार मीच.

जहाजावर जाईपर्यंत उरलेले पाच आठवडे विल्सनने जुन्या गाडीने माझी आणि आईंची सगळी ने-आण केली. दोनदा दूध विसरला, एकदा आईंना चुकीच्या दिवशी फिजिओला नेलं. मी काहीच उरकलं नाही. ते उरकण्यापेक्षा कठीण होतं.

काल त्याचा कॉल आला. मागे निळं पाणी, वारा, आवाज तुटत होता. मला वाटलं आता नवीन कुठली तरी गाडी दाखवेल.

"सेलिन, स्टेशनजवळचं ते गटाराचं खोदकाम संपलं का गं?"

अर्ध्या जगापलीकडून कुणी मला हे पहिल्यांदाच विचारत होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला सगळं सांगितलं: डावी बाजू बुजवलीय, उजवी अजून उघडी आहे, रिक्षा आता कुठून वळतात, सकाळी किती वेळ लागतो. पंधरा मिनिटं आम्ही फक्त त्या खड्ड्याबद्दल बोललो.