राजोडीच्या वाळूत उमटलेला ब्रेक

रेमेतकाकींचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होतो. "मास्तर, काका गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, जणू तेही सांगायलाच हवं म्हणून, "सकाळी चाय घेतलेली." पुढची गणितं बरोबर आहेत की चूक, मला कळेना. त्याला आता पाच आठवडे झाले. लिहावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण इनासकाकांवर लिहायचं तर माझ्या एका खोट्या बोलण्यावरही लिहावं लागणार.

इनासकाका राजोडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर गाड्या दुरुस्त करायचे. घरामागे केळी, पलीकडे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, आणि अंगणात पत्र्याची शेड, एवढाच त्यांचा कारखाना. नव्वदच्या सुमारास मी कोकणातून येऊन आचोळ्यात फ्लॅट घेतला आणि एक जुनी स्कूटर घेतली. तिचा ब्रेक नीट लागत नाही म्हणून कोणीतरी त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी स्कूटरला हातही लावला नाही. माझी चप्पल काढायला लावली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "तळ गुळगुळीत झालाय. पाय सरकतो तुजा." ब्रेकची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचं पायताण ते आधी बघायचे. माणूस तपासल्याशिवाय गाडी खोलायची नाही, हा त्यांचा नेमच होता. मी नवी चप्पल घेतली आणि ब्रेक लागायला लागला. मला मास्तर म्हणायचे आणि अरेतुरे करायचे, आणि ते मला पहिल्या दिवसापासून आवडलं.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक बुटकी, लाल, दोन दारांची गाडी. मुंबईच्या कुणा हौशी शेठने कधीकाळी वेगाची हौस म्हणून घेतलेली आणि मग गंजत टाकलेली. काकांनी ती भंगारातून उचलली आणि तीन वर्षं खपून उभी केली. काकी तिला सवत म्हणायच्या, आणि दर रविवारी नटूनथटून त्याच सवतीत बसून चर्चमध्ये मिस्सेला जायच्या. त्याच गाडीवर काकांनी मला चालवायला शिकवलं. ओरडले एकदाही नाहीत. मी गिअर करकरवला की फक्त डोळे मिटून घ्यायचे.

मग एका वर्षी, पावसाळा सरल्यावर, ते म्हणू लागले की गाडीचा ब्रेक कमी झालाय. त्यांनी पॅड बदलले. चाकांमागे ब्रेकचं तेल गळतंय का ते पाहिलं. इंजिन बंद करून पेडल चारपाच वेळा दाबलं, दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. पेडल बोटभर खाली गेलं, म्हणजे पायाला जोर देणारा बूस्टरही ठीक होता. शेवटी तेलाच्या नळीत हवा असेल म्हणून एका रविवारी मला बोलावलं. त्या कामाला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक गाडीखाली. मी वर बसलो. खालून त्यांचा आवाज यायचा, "दाब... धर... आता सोड." अर्ध्या तासाने पेडल माझ्या पायाखाली दगडासारखं घट्ट झालं. नंतर मी एक चक्कर मारून आलो. पाय ठेवला मात्र, गाडी जागच्या जागी थांबली.

मी परत आलो तेव्हा काका हात पुसत उभे होते. त्यांनी स्वतः चालवून पाहिली, उतरले आणि म्हणाले, "अजून कमीच वाटतो. तुला?"

उतरताना त्यांचा उजवा पाय जरासा ओढला गेलेला मी पाहिला होता. तो त्याआधीही दोनदा पाहिला होता. आणि मी म्हणालो, "हो काका, मलाही कमीच वाटतो."

भीड, दुसरं काय? ज्याने मला क्लच आणि ब्रेक यातला फरक शिकवला त्याला मी कसं सांगणार की गाडी धडधाकट आहे, तुम्ही नाही? त्यानंतर तीन महिने ते ती गाडी खोलत राहिले. मुख्य सिलिंडर बदलला, नळ्या बदलल्या, मुंबईहून सामान आणलं. आणि दर रविवारी काकींना शेजारी बसवून गाडी हाकत राहिले. मला हे सगळं ठाऊक होतं. माझी रविवारची दुपार काकांचा फोन येऊन "पोचलो" म्हणेपर्यंत जड जायची, तरी मी गप्प होतो.

गावच्या सणाला चर्चच्या फाटकापाशी गाडी थांबता थांबली नाही. मेणबत्त्या विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीला धक्का लागला. बाई वीतभर अंतरावर होती. मेणबत्त्या रस्त्यावर पसरल्या, कुणाला लागलं मात्र नाही. मी स्कूटरवर मागेच होतो. काकांनी एकेक मेणबत्ती उचलून टोपलीत ठेवली, वाकताना गाडीचा आधार घेत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, काका, वाळूवर बघू या. ही त्यांचीच रीत. एखाद्या गाडीचा ब्रेक कुठल्या चाकाला लागतो हे समजेना की ओहोटीला ती राजोडीच्या घट्ट ओल्या वाळूवर न्यायची, ठरलेल्या वेगाने चालवून ठरलेल्या खुणेशी ब्रेक दाबायचा आणि उतरून चाकांच्या खुणा वाचायच्या. आम्ही सकाळी गेलो. त्यांनी एक काठी रोवली. आधी त्यांनी चालवली, मग शेजारच्या कोऱ्या वाळूवरून त्याच वेगाने, त्याच काठीपाशी मी.

त्यांच्या खुणा लांबच लांब होत्या, फिकट. माझ्या आखूड, आणि चारी चाकं वाळूत रुतलेली. काका गुडघ्यावर बसले. आधी माझ्या खुणेत बोटं घातली, मग आपल्या. पाणी हळूहळू वर येत होतं.

"चारी चाकं सारखी," ते म्हणाले. "गाडी बरी हाय." मग माझ्याकडे न बघता, "तुला ठावं होतं?"

मी हो म्हणालो.

"कवापासून?"

"हवा काढली तेव्हापासून."

"मंग मला सांगितला का नाय, मास्तर? बाजूला रेमेत बसत होती ना..."

मी रोवलेली काठी उपटून घेतली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले आणि आत बसले. किल्ली गाडीतच होती. "चल, बावखलावर घे," म्हणाले, "खारा पानी धुवायला लागेल." पुन्हा ते उजव्या बाजूला कधी बसले नाहीत.

डॉक्टरांनी पाठीच्या नसेचं काहीतरी सांगितलं. हळूहळू काठी आली, मग चाकांची खुर्ची. पण चार वर्षं दर रविवारी मी आचोळ्याहून जायचो आणि त्या दोघांना मिस्सेला न्यायचो. काका पुढे, काकी मागच्या चिंचोळ्या सीटवर कुरकुरत. खरं सांगायचं तर ती माझी माफी होती. ती मी कधी तोंडाने मागितली नाही, आणि त्यांनीही मागायला लावली नाही.

परवा काकांसाठी महिन्याची मिस्सा होती. मी गाडी काढली. काकी काळ्या साडीत आल्या आणि चार वर्षांनी पहिल्यांदाच पुढे बसायला म्हणून डावं दार उघडलं. खाली पाय ठेवायच्या जागेकडे बघत राहिल्या. मीही वाकून पाहिलं. डाव्या सीटसमोरच्या रबरी मॅटला टाचेएवढा खड्डा पडला होता, मधोमध पार झिजलेला. तिथे पेडल नाही, काहीच नाही. काकी बसल्या. चर्चच्या वळणावर, फाटक दिसायला लागल्यावर, त्यांनी आपली चप्पल त्या खड्ड्यात ठेवली.

"हितं दाबायचे ते," म्हणाल्या. "दर वेळेला. मी मागून बघायची."

त्यांनी पाय दाबला, आणि मी ब्रेक लावला.