रायपूरला, मोड आलेल्या जवांच्या निवाड्यासाठी

संध्या आटोपून मी आसनावरून उठतो न उठतो तोच सुमतीचा दूरध्वनी आला. सुमती ही माझी धाकटी बहीण, रायपूरची. ती म्हणाली, "दादा, तू येऊन सांग त्याले. नाहीतर मी त्या नव्या घरात पाण्याचा घोट घेणार नाही." सत्तरी उलटलेल्या मनुष्याने दुसऱ्याच्या घरचा तंटा मिटवण्यासाठी प्रवास करू नये, असे माझे मत आहे. परंतु मायलेक दोघांनीही माझा निर्णय मान्य करण्याचे कबूल केले होते, आणि कार्तिकातली हवा प्रसन्न होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी नागपूरहून गाडीत बसलो.

नागपूर ते रायपूर हा साधारण पाच तासांचा प्रवास दिवसाउजेडी करावा, अशी वाचकांस शिफारस आहे. गोंदिया मागे पडले की दुतर्फा भाताची शेते सुरू होतात; या दिवसांत ती पिकून सोनेरी झालेली असतात. डोंगरगढला टेकडीवरील देवीस बसल्या जागेवरून हात जोडले. शेजारच्या बाईंनी विचारले, "रायपुर में कोई शादी है क्या, बाबूजी?" मी म्हणालो, "शादी नहीं, मुकदमा है." त्या मग दुर्गपर्यंत माझ्याशी फार आदराने वागल्या.

स्थानकावरून तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीपर्यंत रिक्षा सहज मिळते; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. भाडे मात्र बसण्यापूर्वी ठरवावे. सुमतीने त्या पाऱ्यातील माडीवर भाड्याने चाळीस वर्षे संसार केला. आता गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि घरमालकाला महिनाअखेरपर्यंत माडी मोकळी करून हवी आहे. मुलगा श्रीरंग अभियंता आहे. त्याने नव्या राजधानीत, नवा रायपूर म्हणतात तिथे, उद्वाहक असलेल्या इमारतीत घर घेतले आहे. आईने तिकडे यावे, एवढाच प्रश्न. आणि आई तिकडे जाण्यास तयार नव्हती, याचे कारण होते जव.

ते कारण सुमतीच्याच शब्दांत ऐकावे. तांदळाच्या गरम चिल्यांचे, म्हणजे तिकडच्या धिरड्यांचे, ताट माझ्यासमोर सरकवून ती म्हणाली, "नवरात्रात पोट्टा इथे आला. आतल्या अंधाऱ्या खोलीत सुपांमध्ये जव भिजवून ठेवले, वरून ओलं फडकं टाकलं, आन् दोन दिवसांसाठी बिलासपूरले गेला. मले वाटलं, देवाने सुबुद्धी दिली, जंवारा पेरला!"

छत्तीसगढात नवरात्रात घरोघर गहू आणि जव रुजवून देवीपुढे ठेवतात. त्या कोवळ्या रोपांना जंवारा म्हणतात. श्रीरंगाचा दोन दिवसांचा दौरा आठ दिवस लांबला. तोवर सुमतीने सुपांत माती घातली, रोज पाणी शिंपले, हळदीकुंकू वाहिले, दिवा लावला, शेजारणींना बोलावून गाणी म्हटली. जव वीतभर वाढले.

"आन् आल्याबरोबर काय म्हणावं त्याने? 'आई, माझी बिअर!' साऱ्या बायांसमोर! दादा, मी आठ दिवस दारूची आरती करून राहिले होते!"

माझे हसू मला आवरेना. ती संतापली. "हास तू बी. काहून हासून राहिला?" त्या क्षणी मला माझ्या न्यायासनाचे गांभीर्य जाणवले.

दुसऱ्या दिवशी श्रीरंग गाडी घेऊन आला आणि मला पंडरीच्या कापडबाजारात घेऊन गेला. त्याला बिअरसाठी धान्याचा रस गाळण्यासाठी दाट विणीची मलमल हवी होती. मग गोल बाजारात एक मोठे पातेले घेतले. ज्यांना भांडी किंवा कापड घ्यायचे आहे, त्यांनी सकाळी जावे. दुपारनंतर तिथे चालणेही कठीण होते. वाटेत तो म्हणाला, "मामा, मी दुकानातली आणून प्यायलो असतो तर आईला पत्ताही लागला नसता. मी धान्यापासून करतो, म्हणून भांडण. नियमांची चौकशी मी आधीच केली आहे." ज्या वाचकांना असे काही करण्याची हौस असेल त्यांनीही आपापल्या राज्याचे अबकारी नियम आधी पाहावेत.

तिसऱ्या दिवशी आम्ही नव्या रायपुरात गेलो. जुन्या शहरापासून सुमारे पाऊण तास. रस्ते इतके रुंद आणि इतके रिकामे की सुमती म्हणाली, "इथं भाजीवाला कोणाले हाक मारत असंल?" ती माझ्या सोबतीसाठी म्हणून आली होती, पिण्याचे पाणी तिने घरून बाटलीत भरून आणले होते.

श्रीरंगाने त्या दिवशी गव्हाची बिअर मांडली होती : अर्धे मोड आणून वाळवलेले गहू, अर्धे तसेच जव, दोन्ही भरडलेले. सदुसष्ट अंशांच्या पाण्यात ते घालून तो तासभर तापमापक हातात धरून उभा राहिला. उष्णता एक-दोन अंश इकडेतिकडे झाली की चव पालटते, असे त्याने सांगितले. स्थानिक तांदूळ मिसळला की हलका प्रकार होतो. जव काळेभोर भाजले की कडवट, काळा. मग रस गाळून उकळायचा, हॉप्स नावाची लाहौलची कडू फुले घालायची, थंड करायचा आणि शेवटी तो आंबवणारे किण्व, म्हणजे यीस्ट. त्या तासात त्याने एकही फोन घेतला नाही. इतकी एकाग्रता मी याज्ञिकांखेरीज क्वचितच पाहिली आहे.

त्याने वाळवलेले जव माझ्या तळहातावर ठेवले. सौत्रामणी यागात सुरेसाठी मोड आलेले धान्य घेतात. मोड आलेल्या भाताला शष्प, जवाला तोक्म, किण्वाला नग्नहु अशी नावे आहेत. ही नावे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली, आणि तोक्म मी प्रथमच हातात धरला होता.

निवाडा मी तिथेच दिला. "सुमती, तू धान्याची पूजा केलीस, तिच्यात दोष नाही. श्रीरंगा, ही विद्या प्राचीन आहे, हे खरे. परंतु पिणे आपल्याला निषिद्ध सांगितले आहे, तेही खरे. ते मी तुझ्यासाठी पुसणार नाही."

"म्हणजे कोण जिंकलं?" सुमतीने विचारले.

"कोणीच नाही."

दोघेही माझ्यावर नाराज झाले. माझी सारी विद्या त्या स्वयंपाकघरात निरुपयोगी ठरली होती, आणि महिनाअखेरीस बहीण कुठे राहणार हे अजूनही ठरले नव्हते.

इतक्यात श्रीरंगाने रस गाळून उरलेला वाफाळता चोथा पिशवीत भरण्यास घेतला.

"हे काय फेकून राहिला?"

"चोथा आहे, आई. गाईला देतो."

"इतकं धान्य?" ती उठली. बोटभर चाखले. "गोड आहे की! याच्यात दारू आहे का?"

"नाही. किण्व रसात घालतो, तेही नंतर. हे नुसतं शिजलेलं धान्य."

सुमती माझ्याकडे वळली. मी मान डोलावली. तिने पदर खोचला. "दीप्ती, कांदा काप. बेसन कुठं आहे?"

"मम्मीजी, ऊपर वाले डिब्बे में," सून म्हणाली आणि धावली.

टरफले बोचू नयेत म्हणून चोथा मिक्सरमधून काढला. तिखट, मीठ, ओवा, बेसन घालून थालीपिठाचे पीठ मळणे सुरू झाले. बाटलीतले पाणी मध्येच संपले. सुमतीने त्याच तंद्रीत नळाखाली वाटी धरली. आम्ही तिघांनीही खिडकीबाहेर पाहिले. थालीपिठे खुसखुशीत झाली. मी तीन खाल्ली. उरलेला चोथा गवळ्याकडे गेला.

संध्याकाळी तिने अटी सांगितल्या : दारूचा पसारा मागच्या सज्ज्यातच राहील, नवरात्रात भांडे चुलीवर चढणार नाही, आणि चोथा तिला विचारल्यावाचून बाहेर जाणार नाही. "हव, आई, हव," श्रीरंग म्हणाला.

नागपूरला परतून आता तीन आठवडे झाले. मी बिअर चाखली नाही, चाखणारही नाही. माझे मत जिथे होते तिथेच आहे. मात्र मनुष्य आचाराने नाही पटला, तरी त्याच्या निष्ठेने पटू शकतो, हे या वयात उमगले. रायपूरला जाणाऱ्यांनी शक्यतो कार्तिक ते माघ या काळात जावे.

काल सुमतीचा दूरध्वनी आला, नव्या घरातून. "दादा, उद्या पोट्टा काळी करून राहिला. तिचा चोथा कडू निघते म्हणते. गूळ घालू का?"

शास्त्रात याचे उत्तर मला कोठे आढळले नाही. मी म्हणालो, "आधी थोडाच घालून पाहा."