सीटवरचा पाटील

जानेफळच्या भगवंतराव पाटलांचा वैजनाथ नागपुरात शिकायला राहिला, पण महालातल्या खोलीपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता काही त्याला शेवटपर्यंत कळला नाही. हसू नका, खरं आहे. ज्याला जन्मापासून कोणी ना कोणी वाहून नेतं, त्याला रस्ता कळून करायचं काय?

गावात त्यांची बैलांची दमणी होती. पोरं शाळेला निघाली की दमणीत वैजनाथ मांडी घालून बसायचा, आणि मागं धुरळा खात शेषरावाचा निवृत्ती चालायचा. दमणीत जागा दोघांपुरती होती, पण "बस बे" असं तो कधी म्हणाला नाही. आता दोघं नागपुरात एका खोलीत राहत होते, आणि निवृत्तीला या माणसाची मनापासून किळस यायची. तोंडावर मात्र "भाऊ, भाऊ". कारण निघताना बापानं बजावलं होतं, "पाटलाचं पोरगं हाय, सांभाळून घेजो. आपल्या मिरचीले पाणी त्याच्याच विहिरीवरून येते."

निवृत्तीकडे एक जुनी सायकल होती. घंटी सोडून तिचं सगळं वाजायचं. पण त्या सायकलवर त्यानं अख्खं नागपूर पालथं घातलं होतं. सिटी बसही त्याला चालायची, आणि चेन तुटली तर पायी जायलाही त्याचं काही अडत नव्हतं.

वैजनाथाची गोष्ट वेगळी. बसमध्ये उभं राहावं लागतं, आणि कोणीही येऊन खेटतं, म्हणून बस नाही. "सायकल टपालवाल्यानं चालवाव, नाही त मास्तरानं," म्हणून ती शिकलाच नाही. पायी चालणं तर अशक्यच. पाटील गावातून पायी निघाला की लोक विचारतात, कोण गेलं? मयतीला तेवढा पाटील पायी जातो. राहिली निवृत्तीच्या सायकलची मागची जागा. तर ती पाहून तो म्हणाला, "कॅरिअरवर कोंबड्या बांधतेत बे."

म्हणून साहेबांना रोज रिक्षा. पायावर पाय टाकून बसायचं आणि फक्त "चाल" म्हणायचं. कुठं जायचं ते सांगायचंच नाही! गावचे बैल न सांगता वाड्यासमोर उभे राहत, तेव्हा रिक्षावाल्यालाही रस्ता पाठ असणारच, असा या शहाण्याचा हिशेब. एकदा एका नव्या रिक्षावाल्यानं त्याला सरळ इतवारीच्या बाजारात नेऊन उतरवलं. हा तिथं एका किराणा दुकानाच्या ओट्यावर दुपारभर बसून राहिला, कोणी तरी न्यायला येईल म्हणून. शेवटी निवृत्तीच शोधत गेला.

"इतका उशीर काऊन केला?" वैजनाथ त्याच्यावरच खेकसला.

अस्सा राग आला होता निवृत्तीला! रात्री भाकरी थापताना तेवढी जरा जास्त जोरात थापली. तीही अर्धी पुन्हा त्याच महाराजांच्या ताटात गेली म्हणा.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. वैजनाथ नापास झाला असता तरी त्याचं काय वाकडं होणार होतं? घरी जमीन पडली होती. निवृत्तीचं तसं नव्हतं. बापानं त्याला आधीच सांगितलं होतं, "यंदा पास झाला त मास्तर होशीन. नाही त वखर तयार हाय." पेपर बरे गेले होते, एक तेवढा उरला होता. आणि नेमका त्याच दिवशी शहरातल्या रिक्षावाल्यांनी संप केला.

संपाची दवंडी आदल्या दिवशीच भोंग्यावरून झाली होती. "भाऊ, सकाळी लवकर पायी निघू," निवृत्ती म्हणाला.

"आपल्याले कोणी ना कोणी भेटतेच," वैजनाथ म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.

सकाळी इस्त्रीचे कपडे घालून तो कोपऱ्यावर उभा. बसगाड्या गच्च भरून येत होत्या आणि न थांबता जात होत्या. निवृत्तीनं सायकल काढली. निघून जावं, मरू द्यावं याला, असं हजारदा मनात आलं. पण डोळ्यांपुढं मिरचीचं वावर आलं, आणि तो थांबला. "बसा भाऊ मांगं. ताणतो म्या तुम्हाले."

"मांगं? मी?"

"मंग सीटवर बसा अन् चालवा!"

निवृत्ती वैतागून बोलला होता, पण पाटलाला तो तोडगाच वाटला. स्वारी सीटवर चढली. "चालवाचं मले येत नाही. तू हँडल धर अन् चाल."

आणि निवृत्ती चालला हो! एका हातात हँडल, दुसरा हात सीटखाली, काखेत दोघांच्या दौती-टाक. लोहापुलाखालून वरात निघाली. सीताबर्डीच्या चढावर त्याला धाप लागली. सायकलवरून कॉलेजला चाललेल्या पोरी फिसकन हसल्या. पानठेल्यावरचा एक जण ओरडला, "नवरदेव कोण्या गावचा हो?"

वैजनाथानं काय करावं? वर बसल्या बसल्या त्यानं त्या पानठेल्याला हात जोडून नमस्कार केला. "पाह्यलं का निवृत्त्या? इथंबी लोक मान देतेत."

निवृत्तीला हसू फुटणार होतं, तेवढ्यात बाजूच्या कापड दुकानाची मोठी काच आली. तिच्यात त्याला दोघं दिसले. एक टोणगा ताठ बसलेला, त्याची ओळख जुनीच होती. पण दुसरा? वाकलेला, घामानं निथळणारा, तोंड वासून चालणारा. या वरातीत जास्त हसण्यासारखं कोण, हे सांगायला आणखी कोणाची गरज नव्हती. इतकी वर्षं आपण मनातल्या मनात याला हसलो, आणि हसत हसत याला वाहिलं. थू तुझ्या जिंदगानीवर, तो स्वतःलाच म्हणाला. समोर परीक्षेची पोरं कॉलेजकडे पळत सुटली होती. वेळ झाली होती.

"उतर बे वैजनाथ्या."

कोणाला म्हणतोय म्हणून वैजनाथानं मागं वळून पाहिलं.

"तुलेच म्हणून राह्यलो. उतर."

"डोकं फिरलं का तुह्यं? पाणी बंद होईन तुह्या बापाचं!"

निवृत्तीनं हात सोडले. बस, एवढंच. पाटील आणि सायकल दोघंही रस्त्यावर आडवे झाले. निवृत्तीनं सायकल तेवढी उचलली, याची दौत याच्याजवळ ठेवली आणि टांग मारली. वर्गाचं दार लोटलं जात असतानाच तो आत शिरला आणि त्याला पेपर मिळाला. वैजनाथ मात्र जागचा हलला नाही. लागलं काही नव्हतं, नुसता बसून राहिला, कोणी तरी येऊन उचलेल म्हणून. कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

परीक्षेनंतर आठेक दिवसांनी निवृत्ती गावी आला, तेव्हा ही कथा त्याच्याआधीच जानेफळला पोचली होती. तो घरी न जाता तडक वावरात गेला. पाट कोरडा ठणठणीत पडला होता. मिरचीनं माना टाकल्या होत्या. शेषराव नाल्यावरून कावडीनं पाणी आणून एकेका रोपाला घालत होता.

"पाटलाच्या पोराले पाडलं म्हणतेत तू," बाप मान वर न करता म्हणाला.

"हाव."

"पेपर?"

"देल्ला. चांगला गेला."

शेषरावानं कावड खाली ठेवली. "मंग इतके दिवस काऊन वाह्यलं त्याले?"

निवृत्ती उखडलाच. "तुम्हीच म्हणलं होतं ना बा! सांभाळून घेजो म्हणून!"

"म्या म्हणलं अन् तू ऐकलं?" शेषराव खवळून म्हणाला. "मंग तुले शिकाले कायले धाडलं होतं बे?"