बत्तीस वेळा चावा

पोरांना जोर-बैठका शिकवायला फार बोलावं लागत नाही. बोलावं लागतं ते त्यांच्या आईबापांशी, आणि किस्से साठतात तेही तिथेच. मी चौथी पास माणूस, लिहून ठेवायची सवय नाही. पण मुलुंडच्या आमच्या व्यायामशाळेतली जुनी पोरं भेटली, आता त्यांचीही पोटं सुटलीत, की मागे लागतात. "वस्ताद, तो बत्त्याचा सांगा ना."

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. संपात गिरणीतली नोकरी सुटली होती. मी चाळीमागच्या शेडमध्ये पोरांना व्यायाम शिकवायला लागलो. माझे नियम थोडे. नाचणी, दूध, भिजवलेले हरभरे, घरचं जेवण. बाहेरचं बंद. आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर सगळ्या पोरांची वजनं.

माझा नातू संजू तेव्हा सात वर्षांचा. टायफॉइडमधून उठला तेव्हा भरला सतरा किलो. डॉक्टर म्हणाले, "वजन वाढलं पाहिजे. पुढचं आजारपण या पोराला झेपायचं नाही." अख्ख्या मुलुंडला खायला शिकवणारा मी, आणि काट्यावर सगळ्यात हलकं पोर माझ्या घरचं.

---

सावंत वहिनींचा नंदू एका महिन्यात दीड किलो वाढला. मला आनंद झाला. सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तसं पोर एका बाजूला कललं. म्हटलं, उडी मार. मारेना. चड्डीच्या खिशात हात घातला तर लोखंडी बत्ता. खलबत्त्यातला.

वहिनींना विचारलं, "हे काय?"

"तुम्ही चारचौघांत ओरडता वस्ताद. मग आम्ही करायचं काय?"

पुढच्या महिन्यापासून वजन नुसत्या लंगोटावर.

---

शाह शेठचा जिग्नेश उलट. गोल. शेठ त्याला स्कूटरवरून शाळेत सोडायचे. मी सांगितलं, उद्यापासून पायी. शेठनी ऐकलं. महिन्याने काट्यावर पोर दोन किलोने वाढलेलं.

"चालतोस ना रे रोज?"

"चालतो ना."

"मग वाढलास कसा?"

"वाटेत फरसाणाची चार दुकानं आहेत, वस्ताद. स्कूटर थांबत नव्हती."

त्या रविवारी संजू सतरा किलोच.

---

मी बापांनाही सोडत नसे. रविवारी पोराबरोबर बारा सूर्यनमस्कार घालायचे, सबब चालणार नाही. परब नावाचे गृहस्थ सरकारी कचेरीत कारकून. दुसऱ्याच रविवारी त्यांचा मुलगा एकटा आला, हातात अर्ज. 'पाठदुखीमुळे उपस्थित राहू शकत नाही, तरी दोन आठवड्यांची रजा मंजूर व्हावी.' खाली सही, तारीख.

मी पेन्सिलीने लिहिलं, 'नामंजूर'. पोराला परत पाठवलं.

दहा मिनिटांत परब हजर. बनियनवर. म्हणाले, "वस्ताद, वीस वर्षं नोकरी झाली. अर्जाचा निकाल त्याच दिवशी लागलेला आज पहिल्यांदा पाहिला." पाठ दुखत होती की नाही ते देव जाणे. बाराच्या बारा घातले.

---

आता घरचं.

संजूकडे मी स्वतः लक्ष घातलं. जेवायला त्याच्या समोर बसायचं आणि मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन. विसापर्यंत तोंडातला घास संपलेला असे, पण पोर बिचारं बत्तीसपर्यंत नुसतं तोंड हलवत बसे. मध्येच तोंड थांबलं तर मी पुन्हा एकपासून. चतकोर भाकरीला अर्धा तास. मग म्हणे, "पोट भरलं आजोबा."

सून सुनंदा एकदा म्हणाली, "बाबा, जरा बाहेर ओट्यावर बसता का?"

"का? घर माझं आहे."

ती चुलीकडे वळली.

पण मी हटलो नाही. आणि दोन महिन्यांनी काट्यावर संजू भरला एकोणीस. नुसत्या लंगोटावर. मी दोनदा बघितलं. मग वळून जमलेल्या आयांना सांगितलं, "बघा. याला म्हणतात शिस्त. बत्तीस म्हणजे बत्तीस. एकतीस नाही."

रांगेत मागे हिराबाई उभी होती. खाडीकडच्या वस्तीतली कोळीण, आमच्या चाळीत मासे घेऊन यायची. तिचा नातू किसन संजूच्या वर्गात. ती कोणाला अहो-जाहो करत नसे. पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"हसायला काय झालं?" मी विचारलं.

"तुजा नातू शाळा सुटली की किसनबरोबर माझ्या घरी जेवतो, वस्ताद. दोन महिने झाले. तांदळाची भाकरी नि बोंबलाचं कालवण. कधी दोन भाकऱ्या, कधी तीन. तुला कोण बोललं नाय?"

सावंत वहिनी वखारीच्या छपराकडे बघत होत्या.

मी आयांमध्ये उभ्या सुनंदाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे तिलाही ठाऊक.

"आणि चावतो किती वेळा?" मी हिराबाईला विचारलं.

"मी भाकऱ्या थापते रे. पोरांची तोंडं बघत बसायला मला वेळ कुठाय?"

मी तडक घराकडे निघालो. संजू चार पावलं मागून चालत होता.

दुपारी सुनंदाने पानं मांडली. मी माझं ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

"बाबा, बरं नाही का?"

"वाढ."

मागे संजू जेवायला लागला. मी मनात मोजत होतो. अकरापर्यंत आलो, आणि मागून आवाज आला.

"आई, अजून अर्धी भाकरी."