परसों म्हणजे कुठला दिवस

रविवारी जेवण झाल्यावर मी सोफ्यावर जरा पाठ टेकते. डोळे मिटतात, पण खालच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनची घरघर अजून ऐकू येतेय. ती थांबते, तेव्हा समोरच्या खुर्चीत बशारत बसलेला आहे.

बशारत छापखान्यात कामाला होता. पत्रकं छापली म्हणून तिकडच्या पोलिसांनी त्याला उचललं, मारलं. सुटल्यावर तो बायकोला घेऊन या देशात आश्रय मागायला आला. त्याच्या सुनावणीत मी दुभाषी होते. त्याचा जबाब खोटा ठरला, अर्ज नामंजूर झाला, त्याला परत पाठवलं आणि पाच महिन्यांत तो कोठडीत मेला. बायको, मेहनाज, इथेच आहे. तिचाही अर्ज त्याच कारणानं फेटाळलाय. गुरुवारी वरचं कोर्ट तो निकाल तपासणार आहे.

"बाजी, बरं चाललंय ना?" तो विचारतो.

'बाजी', म्हणजे ताई, एवढं त्याचं; बाकी सगळं मराठीत. तेही आमच्या मिरजेकडच्या.

"तुला मराठी कुठून येतं?"

"आता मध्ये कुणी लागत नाही."

"मेहनाजच्या वकिलानं पाठवलंय तुला?"

तो खुर्ची पुढे ओढतो. आम्ही सुनावणीच्या खोलीत आहोत. भिंतीवर माझ्या शाळेतला फळा आहे, खिडकीबाहेर बर्फात पोरींच्या सायकली लावल्यात.

"बारा तारखेला काय झालं असं विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो होतो?"

"थानेदार ने परसों का बोला था."

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

मी सांगितलं होतं, थानेदार त्याच्या दोन दिवस आधी बोलला होता. म्हणजे धमकी दहा तारखेची झाली. अर्जात बारा होती. तारखा जुळत नाहीत, माणूस बनाव करतोय, असं निकालात आलं. त्याला म्हणायचं होतं की परवा उचलून नेऊ, असं थानेदार बोलला. आणि चौदाला नेलंच होतं.

"आपल्याकडेही परवा मागचा असतो नि पुढचाही," मी म्हणते. "चूक कुणाचीही होते."

"तुम्ही थांबला होतात, बाजी. माझ्याकडे बघितलंत."

हे त्यानं कसं टिपलं? सुनावणीच्या रेकॉर्डिंगमध्ये थांबणं ऐकू येतं का? वकिलानं ऐकलं असेल का? हा बशारत नाहीच, कुणीतरी मला बोलतं करायला बसवलाय.

"हात दाखव," मी म्हणते.

"त्याही दिवशी तुम्हाला हे डाग खोटेच वाटले होते." तो बाही वर सारतो. मनगटावर सिगारेटच्या चटक्यांची रांग आहे. मी एका डागावर अंगठा टेकते. डाग गरम आहे.

"परसोंबद्दल शंका आली होती मला," मी म्हणते. "अधिकारी घड्याळ बघत होते. जेवणाची सुट्टी व्हायची होती. मी तुला परत विचारलं नाही."

"हे मला सांगून काय उपयोग?"

जाग येते. गालिच्यावर ऊन आहे. अंगठ्याच्या टोकाला पाणी भरलेला फोड आलाय.

मी शेगडीला हात लावून बघते. सकाळपासून पेटवलेली नाही, गार आहे. इस्त्री कपाटात आहे. दुसरं काही कारण सापडतं का म्हणून सगळं घर फिरून येते.

मग मेहनाजच्या वकिलाला फोन लावते. सुट्टीचा दिवस, पण तो उचलतो.

"बशारतच्या सुनावणीत मी दुभाषी होते," मी म्हणते. "मला शपथेवर लिहून द्यायचंय."

तो तारीख-वेळ सांगतो. फोडामुळे पेन धरता येत नाही, म्हणून मी ती डाव्या हातानं लिहून घेते.